ज्वारीच्या स्टार्चच्या डीएससी आलेखात एकाऐवजी दोन शिखरं का येतात?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की मालदांडी ज्वारीचं स्टार्च आणि पाणी समभाग घेऊन डीएससी (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) केली, तर ७० अंशांच्या आसपास एक शिखर, त्याला लागून वरच्या तापमानाला दुसरं, आणि एका पॅनमध्ये (नमुना ठेवायच्या इवल्या झाकणबंद डबीत) १०० च्या पुढे अवाढव्य शिखर आलं. नमुना अशुद्ध आहे का?

मी सांगलीला कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत असे आलेख वाचतो. तुमच्या वर्णनावरून मला तरी स्टार्चचा दोष दिसत नाही. आधी पाण्याचा हिशेब बघा.

ते अवाढव्य शिखर बहुधा गळक्या पॅनचं आहे. समजा पॅनमध्ये ३ मिलिग्रॅम स्टार्च आणि ६ मिलिग्रॅम पाणी आहे. स्टार्च शिजायला एकूण ३० मिलिज्यूलच्या आसपास उष्णता लागते. झाकणाच्या कडेतून ०.१ मिलिग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तर तेवढंच सुमारे २२५ मिलिज्यूल खातं! म्हणून प्रत्येक पॅन चालवण्याआधी आणि नंतर वजन करा. वजन घटलेलं असेल तर तो आलेख बाजूला ठेवा, त्यातून काही वाचवायला जाऊ नका.

दोन शिखरांचं कारण वेगळं आहे. भरपूर पाणी असेल तर सगळे स्फटिकी भाग जवळपास एकाच टप्प्यात वितळतात. समभागात तेवढं पाणी नसतं. काही भाग पहिल्या शिखरात वितळतो, उरलेल्याला जास्त तापमान लागतं. संशोधक डोनोव्हन यांनी १९७९ मध्ये बटाट्याच्या स्टार्चवर हेच दाखवलं होतं. पडताळा सोपा आहे: स्टार्चच्या तिप्पट पाणी घ्या, पॅन बंद करून काही तास मुरू द्या, मग चालवा. दुसरं शिखर नाहीसं झालं तर ते पाण्याच्या टंचाईचंच होतं.

पॅन घट्ट असूनही ९५ ते ११० च्या दरम्यान बारीक शिखर राहिलं, तर ते अमायलोज (स्टार्चमधला सरळ साखळीचा घटक) आणि मेदाच्या जोडणीचं असू शकतं. थंड करून लगेच पुन्हा तापवा. ही जोडणी पुन्हा तयार होते, म्हणून ते शिखर परत दिसतं. शिजण्याचं शिखर परत येत नाही.

एन्थाल्पी, म्हणजे दर ग्रॅमला लागलेली उष्णता, मांडताना बरेच विद्यार्थी यंत्राने दिलेला आकडा तसाच उतरवतात. तो एकूण वजनावर असतो. वरच्या उदाहरणात यंत्राने ग्रॅमला ३.५ ज्यूल दाखवले, तर ९ मिलिग्रॅमचे ३१.५ मिलिज्यूल झाले. स्टार्चमध्ये मुळात १२ टक्के ओल असेल तर कोरडं स्टार्च २.६४ मिलिग्रॅमच, म्हणजे खरी एन्थाल्पी ग्रॅमला सुमारे ११.९ ज्यूल. तापवण्याचा वेगही लिहाच, कारण वेग वाढवला की शिखर वर सरकतं.

आणि न गळलेले पॅन टाकून देऊ नका. ४ अंशांना आठवडाभर ठेवून पुन्हा चालवा. ५० च्या आसपास लहान, पसरट शिखर यायला हवं. शिजलेलं स्टार्च पुन्हा अंशतः स्फटिकी होतं त्याचं ते. शिळी भाकरी कडक होण्यात याचा मोठा वाटा आहे आणि तव्यावर गरम केली की ती थोडी मऊ पडते तेही यामुळेच. ज्वारीवर काम करताय, तर प्रोजेक्टमध्ये मी सर्वांत जास्त जागा या मोजणीला दिली असती.