लॅपटॉप दुपारीच बंद पडतो आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, सकाळी दोन-दोन तास नीट चालतो, दुपारी अर्ध्या तासात फटकन बंद पडतो, आणि तालुक्याच्या दुकानात मदरबोर्डचे आठ हजार सांगितले. भाऊ, ते आठ हजार सध्या खिशातच ठेवा. बोर्ड गेलाच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सकाळ-दुपारचा एवढा फरक दिसतो तेव्हा पहिला संशय उष्णतेवरच घ्यायचा.

माझं यवतमाळ जिल्ह्यात, बाजाराच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. वर टिना, शेजारी कापसाचं जिनिंग. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, खरिपाच्या कर्जासाठी सातबारे काढायला रांग लागलेली असताना माझाही लॅपटॉप असाच विझायचा. एक म्हातारबाबा तर म्हणाले, ‘काहून रे, याले बी ऊन लागलं का?’ सगळे हसले. मी मात्र बॅटरी गेली असं धरून 2400 रुपयांची नवी बॅटरी टाकली. चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हातारबाबांचं निदान बरोबर होतं.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बाहेरची हवा 35 अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत 45 होतं, टिनाखाली तर बोलायलाच नको. त्यात पंखा गुदमरलेला असला की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचतो आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच वीज तोडते. थंड होऊ न देता लगेच चालू केलं तर दुसऱ्यांदा आणखी लवकर पडतं. ही खूण तुमच्याकडे जुळते का बघा. एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून काम करताना प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा बघत राहा. 80-85 पर्यंत गेला तर घाबरायचं कारण नाही. 95 ओलांडून पडत असेल तर चोर सापडला.

स्टार्टच्या बटणावर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. तिथे ‘कर्नल-पॉवर 41’ अशी लाल खूण दिसेल. तिला बोर्डाचा दोष समजू नका. तो फक्त पंचनामा आहे: मशीन नीट बंद न होता गेली, एवढंच त्यात असतं, कशाने गेली ते नसतं. पण त्या वेळेला 1074 नंबरची नोंद दिसली, तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा खुद्द विंडोजने रीतसर बंद केलंय. मग पेचकस हातात घ्यायची गरजच नाही.

लाइनला शिव्या घालण्याआधी अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब पिवळा पडतो, पण अडॅप्टर तेवढं सहन करतो. लाइन जाऊन इन्व्हर्टर लागतो त्या क्षणी बंद पडत असेल तर मात्र बॅटरी मेली आहे. पूर्ण चार्ज करून चार्जर काढा आणि वापरा. 40 टक्के दाखवत असताना झटकन गेला तर तेच. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून वापर बंद.

आता माझा लॅपटॉप उघडला तेव्हाचं सांगतो. चार्जर काढला, मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे रुईचा थर, करड्या नमद्यासारखा, सलग. चिमट्याने धरला तर एका तुकड्यात बाहेर आला. हवा जायला फट म्हणून नव्हती. नंतर मऊ ब्रशने झाडलं, पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं सोडून जोरात हवा मारली तर ते भरधाव फिरून खराब होतं. आणि पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्या नळीतून पाणी आणि तेल येतं. आमच्या गावात एकाने हे केलंय.

प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा, अर्ध्या तुरीच्या दाण्याएवढी पुरे. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावरच ठेवत गेलो, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला की आतलं काहीतरी फुटतं. हात थरथरत असेल तर हे काम तालुक्याला करून घ्या, पण ‘सफाई आणि पेस्ट’ एवढंच सांगा आणि समोर बसून करून घ्या.

तोवर गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नका, मागच्या बाजूला दोन वह्या लावून उचला. कूलरच्या तोंडासमोरही नको, त्याच्या ओल्या हवेबरोबर तुषार येतात.

सफाईनंतरही, आकडा 70 च्या आत असताना पडला, आणि बॅटरीचीही परीक्षा झालेली असली, तर मग रॅमची (मेमरीची) पट्टी काढून पुन्हा बसवा, दुसऱ्याचा तसाच अडॅप्टर लावून बघा. बोर्डाची पाळी त्यानंतर. पडला त्या वेळचा आकडा आणि चार्जर लावलेला होता की नाही, हे इथे लिहा, पुढचं बघू.