'अमेरिकन निंजा वॉरियर' ही जपानी 'सासुके'ची नुसती नक्कल आहे का? रूपांतर करताना काय बदललं? (कॉलेजात अशी स्पर्धा भरवायचा विचार आहे.)

नक्कल नाही. अडथळे तेच ठेवले आणि खेळाचा कणा काढून टाकला, असं माझं स्पष्ट मत.

'सासुके' हा अडथळ्यांच्या शर्यतीचा कार्यक्रम 1997 पासून टीबीएस या जपानी वाहिनीवर चालू आहे. योकोहामातल्या मिदोरियामात शंभर स्पर्धक, चार टप्पे, पाण्यात पडलात की घरी. शेवटची दोरी वेळेत चढून बटण दाबलं तरच जिंकलात. 2020 पर्यंत हे फक्त चौघांना जमलं. पहिला अकियामा, 1999 साली, खेकडे धरणारा. मग मासेमारी बोटीवरचा नागानो, बुटांच्या दुकानातला उरुशिहारा आणि मोरिमोतो. बहुतेक वेळा कोणीच जिंकत नाही, कार्यक्रम तसाच संपतो, आणि लोक तरीही बघतात!

अमेरिकेत 2009 साली सुरू झालं तेव्हा निवडलेले खेळाडू मिदोरियामालाच पाठवत. 2012 साली लास वेगासला शेवटच्या दोरीसाठी स्वतःचा मनोरा उभारला. पण तिथे आठवड्याला एक भाग लागतो, म्हणून शहरोशहरी पात्रता फेऱ्या आल्या, आणि त्यांत पडलेलाही लांब आणि लवकर पोचला असेल तर पुढे जायचा. 2015 साली जेफ ब्रिटन आणि आयझॅक कॅल्डिएरो दोघंही दोरी चढले. दहा लाख डॉलर साडेतीन सेकंदांनी वेगवान ठरलेल्या कॅल्डिएरोला, ब्रिटनला त्यातला छदामही नाही. नंतर तर कोणीच वर पोचलं नाही तरी सर्वांत लांब गेलेल्याला एक लाख. याला मी बक्षीस नाही, समजूत काढणं म्हणतो.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मी हेच भोगलंय. मांडववाल्याकडून वासे आणले, गॅरेजातून टायर, खाली व्यायामशाळेच्या गाद्या, आणि शेवटी कमानीला बांधलेली मल्लखांबाची जाड दोरी. नियम एकच: वरची घंटा वाजवली तर करंडक, नाहीतर करंडक पुढच्या वर्षी. पोरं टायरांतून सटासट गेली, दोरीला मात्र सगळी लोंबकळली. हातांनीच ओढत होती. पायाची अढी घालायची असते हे कोणाला ठाऊक? घंटा काही वाजली नाही. मी करंडक पिशवीत घातला, तोच सेक्रेटरी माइकवर: "मुलांचा हिरमोड नको." आणि करंडक दिला 'सर्वांत उंच' पोचलेल्याला. तो त्यांचा भाचा. वर मलाच ऐकवलं, "तुम्ही फार ताणता बुवा." दुसऱ्या दिवशी दोरी सोडायला गेलो तर त्याच भाच्याची धाकटी बहीण अढी घालून अर्ध्यापर्यंत पोचली होती. तिला करंडकाशी घेणंदेणं नव्हतं.

हां, अमेरिकनांनी काहीच चांगलं केलं नाही असं नाही. 2014 साली डॅलसला केसी कॅटान्झारो शहर-अंतिम फेरी पार करणारी पहिली बाई ठरली. असल्या गोष्टी त्यांनी घरोघरी पोचवल्या. शिवाय 2028 च्या ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत घोडेस्वारीऐवजी अडथळ्यांची शर्यत येतेय, त्याच्या चाचण्यांत टीबीएसवाल्यांचा हात होता.

तुम्ही भरवणार असाल तर गाद्या जाड घ्या, दोरी जाणकाराकडून बांधून घ्या, करंडक कपाटातच राहील याची तयारी ठेवा. आणि आयोजकांच्या नातेवाइकांनी भाग घ्यायचा नाही, हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. सेक्रेटरीची पहिली.