कष्ट केले तर घरची परिस्थिती आड येत नाही, हे कितपत खरे आहे?

माणूस कष्टाळू असेल तर घरची परिस्थिती आणि राहण्याची सोय यांना एवढे महत्त्व का द्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी बीड जिल्ह्यातला असल्याने ऊसतोड कामगारांच्या आधारेच उत्तर देतो, कारण त्यांचे कष्ट कमी पडतात असे त्यांचा मुकादमही (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) म्हणणार नाही.

या कामात मजुरीचा हिशेब कोयत्यावर होतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली जोडी पुढचे पाच-सहा महिने टनामागच्या दराने ती फेडत राहते. बायकोची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. साहजिकच लग्न ही कामाची पात्रता ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीडमधील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. हे सगळे अडाणीपणावर ढकलणे मला पटत नाही. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवता येत नाही, बरोबर न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसते, आणि मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक पूर्ण कोयता होतो.

ही कोपी बांबू आणि ताडपत्रीची असते. बहुतेक ठिकाणी शौचालय नाही, पाणी लांबून आणायचे, अंघोळ अंधार असताना उरकायची. बाई पहाटेच्या आधी उठून भाकरी करते, मग फडात जाते, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरू लागते. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नसते, कारण खाडा पडला तर पैसे कापले जातात. त्यामुळे अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे सारे हंगाम संपेपर्यंत अंगावर काढले जाते. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो आणि पुढच्या हंगामात खाडा नको म्हणून तो पटकन मानलाही जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा कर्ज काढावे लागते, आणि ते फिटावे म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागते.

मात्र सगळी ऊसतोड कुटुंबे सारखी नसतात, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला हाच फरक सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या घरात धडधाकट आजी मागे राहते, तिथली मुले शाळेत टिकतात. जिथे ती नाही किंवा आजारी आहे, तिथली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर जाते आणि परतते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. दोन्ही घरांचे उत्पन्न जवळपास सारखे असूनही हे घडते. सरकारची हंगामी वसतिगृहे याच उणिवेवर उपाय म्हणून आली, पण अनेक गावांत त्यांतून फक्त जेवण मिळते आणि रात्री झोपायला मूल नातेवाइकाकडेच जाते. म्हणजे ज्याला नातेवाईक आहे त्यालाच वसतिगृहाचा उपयोग.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती हवीच होती, तरी वाढीव पैसाही कोयत्याच्याच हिशेबाने मिळतो. माझ्या मते बायकोची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होणे, तळावर पाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकणे आणि मुलांना रात्रीही राहता येईल असे वसतिगृह गावात असणे, या तीन गोष्टी दरवाढीइतक्याच निकडीच्या आहेत, आणि त्यांपैकी वसतिगृहाचे काम सर्वांत आधी व्हायला हवे.