हुंकारा दे, म्हणजे फोन कटणार नाही

प्रश्न : काकू, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय 22. जपानला वृद्धांची देखभाल करायच्या कामासाठी जायचं मनात आहे. यूट्यूबवरून शिकले, पुण्याला जाऊन एन फाइव्हची, म्हणजे जपानी भाषेच्या पहिल्या पायरीची परीक्षा दिली, पास झाले. आता पुढच्या पायरीचा, एन फोरचा अभ्यास चालू आहे, पण बोलता काही येत नाही. म्हणून हॅलोटॉकवर, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवायच्या ॲपवर, जपानी लोक शोधले. तीन महिन्यांत अकरा जणांशी बोलले. नाव, गाव, हवा, आवडतं जेवण, आणि पाचव्या मिनिटाला दोघंही गप्प. दुसऱ्यांदा कुणी फोन करत नाही. माझी इंग्रजी कच्ची, मग मी बदल्यात त्यांना शिकवू काय? रेंज फक्त घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर येते. रात्री दहाला तिथे बसले की शेजारची म्हातारी खालून विचारते, "काय वं, कोनासंग बोलून रायली?" आई म्हणते, फोन घेऊन ठेवते. काय करू?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : बाळा, आधी म्हातारीचं बघू, कारण ते सोपं आहे. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिथे दीड वाजलेला असतो. रात्री दीडला अनोळखी पोरीशी बोलायला जागणारा माणूस भाषा शिकायला बसलेला असेलच असं नाही. तू चार-साडेचारला फोन लाव, तिथे संध्याकाळचे आठ वाजलेले असतात, जेवणं आटोपलेली. नाहीतर पहाटे साडेपाचला लाव, तिथे सकाळचे नऊ. मी पहाटेच बोलते. रेंजही तेव्हा मोकळी असते आणि म्हातारी सडा टाकण्यात गुंतलेली असते. पहिले दोन फोन आईला शेजारी बसवूनच कर. तिला समजणार काही नाही, पण पलीकडे कोण आहे ते दिसेल.

आता गप्प होण्याचं. माझा पहिला फोन सांगते. मी वरूड तालुक्यातली, संत्र्याची बाग, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. जपानी शिकायला घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती. पलीकडच्या बाई बोलत होत्या आणि मी चांगल्या विद्यार्थिनीसारखी हाताची घडी घालून ऐकत होते, मध्ये तोंड घालायचं नाही म्हणून. त्या थांबल्या. "मोशिमोशि?" म्हणाल्या, म्हणजे हॅलो. पुन्हा बोलल्या, पुन्हा "मोशिमोशि?" तिसऱ्यांदा त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं लाइन गेली.

जपानी माणसाला समोरून सारखा आवाज लागतो. "हाइ", "उन्", "सोओ देसु ने", "ए?" दर वाक्यामागे काहीतरी. याला ते आइझुची म्हणतात. हा शब्द लोहाराच्या भात्यावरचा आहे. लोहार हातोडी मारतो आणि समोरचा त्याच्या तालावर घण घालतो, तो समोरचा घाव म्हणजे आइझुची. घण थांबला की लोखंड गार. हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. रात्री अंगणात गोष्ट सांगायची आणि अट घालायची, "हुंकारा द्या, नाही तं मी झोपतो." एक पोरगं "हं, मंग?" म्हणायला नेमलेलं असायचं. तेच काम आहे हे. आणि त्यांचं वाक्याच्या शेवटचं "ने" आपल्या "ना"सारखंच वापरायचं : "गरम होतंय ना", "आत्सुइ देसु ने". तुझे अकरा जण गेले त्यातले निम्मे तरी तू मुकी बसलीस म्हणून गेले असतील, असा माझा अंदाज आहे.

उरलेले गेले ते नाव-गाव-हवेमुळे. ते पुस्तकातले प्रश्न आहेत, त्यांना पुढे वाटच नसते. फोनवर बसताना एक गोष्ट घेऊन बस, तुझ्या घरची, तुलाच ठाऊक असलेली. मी दुसऱ्या खेपेला आंबिया बहाराचा ताण घेऊन बसले. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतो, पानं मलूल होतात, मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. एवढं सांगायला सहा वाक्यं तयार केली होती. "पाणी देत नाही", "झाडाला तहान लागते", "मग फूल येतं", अशी. पलीकडच्या बाई वाकायामाच्या, पोस्टातून निवृत्त. तिकडे मिकानच्या बागा आहेत. मिकान म्हणजे त्यांचं संत्रं, आपल्यासारखंच हाताने सोलायचं. त्या एकदम सरसावून बसल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही झाडाला तहानलेलं ठेवतात, खाली पांढरा कागद अंथरून पावसाचं पाणी मुळाशी जाऊ देत नाहीत, पण ते फळात गोडी उतरावी म्हणून. आपण ताण देतो फुलासाठी, ते देतात गोडीसाठी! त्या दिवशी पन्नास मिनिटं बोललो. मला शब्द येत होते दोनशेच्या आसपास. चार वर्षं झाली, अजून बोलतो.

आणि तू वयस्कर माणसंच शोध. तुला काम करायचंय म्हाताऱ्यांमध्ये, आणि बोलतेस वीस-बावीसच्या पोरांशी, हे कसं जमायचं? पोरं एकमेकांत बोलतात ती भाषा वेगळी. एखाद्या मुलाकडून स्वतःला "ओरे" म्हणायला शिकलीस आणि तिथल्या आजोबांसमोर म्हणालीस तर पंचाईत, तो पुरुषी, रांगडा "मी" आहे. एन फाइव्ह काय किंवा एन फोर काय, ही परीक्षा डोळ्यांची आणि कानांची. एन वनपर्यंत कुठेच तोंड उघडावं लागत नाही. काम मात्र पहिल्या दिवसापासून तोंडानेच.

इंग्रजीची काळजी सोड. तुझ्याकडे हिंदी आहे. टोकियोच्या परकीय भाषा विद्यापीठात आणि ओसाका विद्यापीठात हिंदी रीतसर शिकवली जाते, त्यामुळे तिथे हिंदीवालेही आहेत. ॲपवर "शिकतो ती भाषा : हिंदी" असं निवडून शोध. माणसं थोडी सापडतील, पण टिकतील, कारण त्यांनाही कुणी मिळत नसतं. वेळ मात्र घड्याळ लावून अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा, पंधरा मिनिटं जपानी, पंधरा हिंदी. नाहीतर ज्याची भाषा जड तो मागे पडतो. फक्त आपली नागपुरी हिंदी जरा आवरून. माझ्या बाई परवा "मेरेको मालूम" म्हणाल्या आणि मला घाम फुटला.

चुका मध्येच दुरुस्त करू नका, नंतर लिहून पाठवा, असं पहिल्याच दिवशी सांग. पलीकडची माणसं "जोओझु देसु ने" म्हणतील, म्हणजे छान बोलता. हा शिष्टाचार झाला, त्यावर जाऊ नकोस. आलेल्या दुरुस्तीतली दोनच वाक्यं वहीत उतरव आणि पुढच्या फोनला मुद्दाम वापर.

उच्चारात तू पुण्याच्या क्लासवाल्यांच्या मागे नाहीस. "त्सुनामी" असं लिहून उगाच अवघड केलंय. चूल म्हणतेस ना, त्यातला च, तोच तो. हिंदीवाल्यांना हा च घटवावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. "किते" म्हणजे ये आणि "कित्ते" म्हणजे काप, हाही फरक पता आणि पत्ता वेगळं ऐकणाऱ्याला सांगावा लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळ. "ओबासान" म्हणजे काकू, "ओबाआसान" म्हणजे आजी. मी कुणाला काय म्हणाले ते विचारू नकोस.

एक कडक सूचना. व्हॉट्सॲप नंबर, गावाचं नाव, घराचा फोटो द्यायचा नाही, कितीही गोड माणूस असो. "तुला भेट पाठवली, कस्टममध्ये अडकली, पैसे भर" असं कुणी म्हणालं की ती फसवणूक. तिथेच फोन बंद कर, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लाव.

पुढच्या फोनला काय घेऊन बसशील? दारव्ह्याकडे तर पऱ्हाटी. जपानात कापूस जवळपास सगळा बाहेरून येतो, बोंड हातात घेतलेला माणूस विरळाच. कॅमेरा वावरात ने, फुटलेलं बोंड दाखव, पाकळ्यांची टोकं बोटांना कशी टोचतात ते दाखव. कापूस म्हणजे "वाता", वेचणे म्हणजे "त्सुमु". त्सु कसा म्हणायचा ते वर सांगितलंच आहे.