दार उघडलं, पुढे काय दिसलं?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं चालवत खेळायच्या खेळासाठी डन्जन, म्हणजे राक्षस आणि सापळ्यांनी भरलेल्या खोल्यांची जागा, लिहिणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच साठली होती. निवडताना लक्षात आलं की प्रश्न निरनिराळे असले तरी दुखणं एकच आहे, खोलीचं वर्णन. नकाशे सुरेख, राक्षस भारी, पण पान टेबलावर ठेवून खेळायला बसलं की अडखळायला होतं. तेव्हा या वेळी फक्त तेवढ्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी मी स्वतःचं साहस लिहिलं आहे. प्रत्येक खोलीसाठी वाचून दाखवायला दीडशे-दोनशे शब्दांचं वर्णन आहे. भाषेवर मेहनत घेतली आहे, पण दुसऱ्या खोलीपासूनच खेळाडू मोबाइल काढतात. नमुना सोबत पाठवतो. (पुणे)

नमुन्याची सुरुवात सगळ्यांसाठी इथे देतो:

“शतकांच्या विस्मृतीत बुडालेलं हे भव्य दालन जणू काळाच्या जबड्यात अडकलं आहे. एकेकाळी इथे राजघराण्यातल्या मुलांचं हसणं घुमत असेल. कुबट वास नाकात शिरतो आणि तुमच्या अंगावर शहारा येतो. सर्वत्र धूळ साचली आहे. उत्तरेच्या भिंतीशी एक जुनी शवपेटी आहे, तिचं झाकण अर्धवट सरकलेलं आहे.”

भाषा वाईट नाही. पण खेळाडूला हात लावता येईल अशी पहिली वस्तू पाचव्या वाक्यात आली, आणि तोवर मोबाइल बाहेर आलेला असतो. विस्मृतीचं खेळाडूने काय करायचं? मुलांचं हसणं तर त्या खोलीत नाहीच, ‘असेल’ आहे. आणि शहारा येतो की नाही हे पात्र चालवणाऱ्याने ठरवायचं. ज्याचं पात्र मुडदे उकरून पोट भरतं, त्याच्या अंगावर शवपेटी पाहून काटा का यावा?

तीच खोली अशी लिहून पाहू:

“तीस फूट लांब खोली, जमिनीवर बोटभर धूळ. धुळीत अनवाणी पावलांची एकच रांग. ती उत्तरेच्या भिंतीशी असलेल्या दगडी शवपेटीपासून निघते आणि तुम्ही उभे आहात त्या दारापाशी येऊन थांबते. पेटीचं झाकण अर्धं सरकलेलं आहे. पूर्वेला एक बंद लाकडी दार.”

धूळ तीच आहे, पण आता तिच्यावर काहीतरी लिहिलेलं आहे. खेळाडू विचारतील, जो बाहेर पडला तो गेला कुठे? मागे वळून पाहतील. कुणी वाकून पावलं मोजेल. भीती घालायला तुम्हाला वेगळं विशेषण लागलं नाही.

आणि याच्या खाली फक्त गेम मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, एकेका वस्तूचं नाव ठळक करून, तुटक ओळी:

पावलं: बाहेरचा बोळ फरशीचा, तिथे खुणा नाहीत. टाच उमटलेलीच नाही, चवड्यांवर चालत गेलं आहे.
शवपेटी: रिकामी. झाकणाला आतून नखांचे ओरखडे. तळाची फरशी सैल, खाली चांदीचं कडं.
पूर्वेचं दार: पलीकडून अडसर. कान लावला तर पाणी ठिबकताना ऐकू येतं. खोली ५.

लक्षात घ्या, वर वाचून दाखवायच्या मजकुरात जी वस्तू आली तिची ओळ खाली आहेच, आणि त्याच क्रमाने आहे. खेळाडू ‘पेटी बघतो’ म्हणाला की गेम मास्टरची नजर थेट त्या ठळक शब्दावर जाते. खाली ओळ नसलेली वस्तू वर लिहिलीत, तर त्याला तिथल्या तिथे काहीतरी रचावं लागेल.

वाचून दाखवायचा असा चौकटीत छापलेला मजकूर १९८० च्या आसपास छापील साहसांत दिसू लागला. स्पर्धेसाठी लिहिलेल्या साहसांत तो सोयीचा होता, कारण प्रत्येक टेबलावर सारखीच माहिती जायला हवी. तुमच्या घरच्या टेबलावर ही अडचण नाही. तीन-चार वाक्यं पुरतात, पुढचं खेळाडूंना विचारू द्या.

राक्षसाचा उल्लेख वर्णनात आधी करावा की शेवटी? दोन्ही सल्ले वाचले आहेत. (नाशिक)

दोन्ही बरोबर आहेत, जागा वेगळ्या आहेत. वाचून दाखवायच्या मजकुरात राक्षस शेवटी. ‘चार गॉब्लिन’ (छोटे, दुष्ट राक्षस) हे शब्द ऐकले की टेबलावरचे सगळे फाशांकडे हात नेतात आणि त्यानंतर तुम्ही सांगितलेली कोपऱ्यातली विहीर कुणाच्या कानावर पडत नाही. मग तिसऱ्या फेरीत कुणाचं तरी पात्र त्या विहिरीत पडतं आणि ‘तू सांगितलंच नव्हतंस’वरून अर्धा तास जातो.

गेम मास्टरच्या टिपणात मात्र राक्षस सर्वांत वर. दार उघडण्याआधीच त्याला कळायला हवं की आत कोण आहे, ते काय करत आहेत आणि बाहेरचा आवाज त्यांना ऐकू गेला का. ‘४ गॉब्लिन, फासे खेळतायत, एक हरतोय आणि चिडलाय’ एवढी ओळ पुरे. नुसतं ‘४ गॉब्लिन’ लिहिलंत तर ते दारासमोर तलवारी उपसून, कधीपासून कुणास ठाऊक, ताटकळत उभे असतात.

अपवाद एकच. खोलीभर पसरलेला ड्रॅगन असेल तर आधी ड्रॅगनच सांगा आणि थांबा. त्या क्षणी छताचं नक्षीकाम कुणीही बघत नाही.

माझ्याकडे ८० फूट लांबीचं सभागृह आहे. टोकाला लाल पडदे आणि सिंहासन. सगळ्यांना एकच वर्णन वाचून दाखवतो. आमच्यातला ड्वार्फवाला (बुटक्या, भूमिगत जमातीचं पात्र चालवणारा) दर वेळी वाद घालतो की ‘मला हे असं दिसणारच नाही’. (ठाणे)

वाद घालणारा बरोबर आहे, त्याला चहा पाजा.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत, त्यापुढे आणखी २० फूट अंधुक, आणि मशाल जळते एक तास. म्हणजे दारात मशाल धरलेल्या माणसाला ८० फुटांवरचं सिंहासन दिसायचा प्रश्नच येत नाही. ड्वार्फला अंधारात दिसतं, पण २०१४ च्या नियमांप्रमाणे ६० फुटांपर्यंतच. २०२४ च्या नियमांत हे अंतर १२० फूट झालं, म्हणजे नव्या पुस्तकाने खेळत असाल तर त्याला सिंहासन दिसेल. पडदे मात्र लाल दिसणार नाहीत. निव्वळ अंधारात त्याला रंग कळत नाहीत, सगळं करड्या छटांमध्ये दिसतं.

ही अडचण नसून ऐवज आहे. समजा तुमच्या साहसात लाल पडद्याला हात लावणं घातक आहे आणि निळ्याला नाही. उजेड नको म्हणून ड्वार्फला एकट्याला पुढे पाठवणाऱ्या गटाला त्या शहाणपणाची किंमत मोजावी लागेल, तीही नियमांत बसून.

मोठ्या जागेचं वर्णन एका दमात लिहू नका. तीन तुकडे करा: दारातून, मधोमध आल्यावर, टोकाशी. दारातून: खांबांच्या दोन रांगा, पुढे काळोख, आणि पावलांचा आवाज परत यायला लागणारा वेळ. सिंहासन तिसऱ्या तुकड्यात. आपण कुठवर चालत गेलो यावर काय दिसेल हे ठरतं, हे खेळाडूंना कळलं की ते पाऊल टाकताना विचार करतात. छोट्या खोलीला हे सोपस्कार नकोत.

सापळ्याचा सुगावा वर्णनात दिला की खेळाडू लगेच ओळखतात. नाही दिला तर ‘हा अन्याय आहे’ म्हणतात. मधला रस्ता कोणता? (कोल्हापूर)

सुगावा द्याच. ओळखला तर ओळखू दे. सापळा आहे हे कळल्यावरही पलीकडे जायचं आहेच, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. दोरी बांधायची, फळी टाकायची की गटातल्या चोर-पात्राला पुढे ढकलायचं, यावर घासाघीस होते. न सांगता पडलेल्या सापळ्यात फक्त फासा पडतो आणि पात्र जखमी होतं.

सापळ्याचं नाव न घेता, तो आधी कधी चालला असेल तर मागे काय उरलं असेल ते लिहा. भिंतीतून फिरणारं पातं असेल तर कमरेच्या उंचीवर दगडात आडवी खाच. खाली उघडणारी फरशी असेल तर बाकी सगळीकडे धूळ आणि तेवढ्याच चौकोनावर कमी. विषारी वायू असेल तर दाराच्या आत चार पावलांवर वाळलेले उंदीर, सगळ्यांची तोंडं दाराकडे. या शेवटच्या तपशिलावर माझा जीव आहे. त्यातून कळतं की वायू आतून आला, हळू आला आणि उंदरांना पळायला वेळ पुरला नाही.

आणि ‘खोली निरुपद्रवी दिसते’ असं वाक्य कधीही लिहू नका. तो निष्कर्ष खेळाडूंचा. तो तुम्ही काढून दिलात आणि खोटा निघाला, तर पुढच्या एकाही वाक्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत.

रिकाम्या खोल्या ठेवाव्यात का? (नागपूर)

ठेवाव्यात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या ‘बेसिक’ नियमांत खोलीत काय आहे हे सहा बाजूंच्या फाशावर ठरे: १ किंवा २ आला तर राक्षस, ३ ला सापळा, ४ ला काहीतरी विशेष, आणि ५-६ ला रिकामी. म्हणजे सरासरीने एक तृतीयांश खोल्या रिकाम्या. वर, अशा खोलीतही सहात एकदा खजिना निघू शकतो, तेव्हा झडती घ्यायला कारण उरतंच. गट दम खातो, जखमी पात्राला लपवतो, पाठलाग करणाऱ्यांची वाट अडवतो, ते याच खोल्यांत.

रिकामीचा अर्थ वर्णन नाही असा मात्र नाही. शेजारच्या खोलीबद्दल बोलणारी एक वस्तू ठेवा. उलटं टांगलेलं हरणाचं कातडं दिसलं की पुढे शिकार करणारं कुणीतरी आहे हे कळतं. दोन ओळींत खोली संपवा.

देवगिरी किल्ल्याच्या अंधारीवरून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारावरून, डन्जन रचतो आहे. इतिहास खूप गोळा झाला आहे, खोल्यांच्या वर्णनात तो कसा बसवू? (छत्रपती संभाजीनगर)

जागा अशी निवडलीत की हेवा वाटावा. सुमारे दोनशे मीटर उंच टेकडी, तिचे कडे तासून उभे केलेले, भोवती खंदक, आणि वर जायचा मार्ग कातळाच्या पोटातून. डन्जन लिहिणाऱ्याने आणखी काय मागावं!

यादवांची राजधानी, मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून इथे हलवलेला कारभार, दौलताबाद हे नाव, हे सगळं साहसाच्या पहिल्या पानावर, गेम मास्टरसाठी. खोलीत फक्त त्याचं उरलेलं येऊ द्या: भिंतीवरची खोडलेली ओळ, दुसऱ्याच राजवटीचं नाणं. काळोखात चाचपडणाऱ्या माणसाला सनावळी दिसत नाही.

अंधारीत नजर निकामी होते, म्हणून वर्णन पायांनी आणि हातांनी लिहा. मी असं लिहीन:

“पायऱ्या वर चढतात आणि डावीकडे वळतात. एकही पायरी दुसरीइतकी उंच नाही. उजव्या हाताची भिंत अचानक संपते आणि तिथून गार वारा येतो. डोक्यावर वटवाघळांची चाळवाचाळव.”

खाली टिपण: वारा: उजवीकडची फट, दोन पावलांवर खाली खंदक. वटवाघळं: मशाल उंच धरली तर उठतात, मशाल विझायची शक्यता. वरचं तोंड: लोखंडी झाकण, पहारेकऱ्यांना चाहूल लागली तर त्यावर जाळ.

हे झाकण तुम्ही पाहिलं असेलच. शत्रू आत शिरला की तिथे आग पेटवून भुयार धुराने कोंडायचं, अशी ती योजना. गाइड ही गोष्ट रंगवून सांगतात, तुम्ही सांगू नका. खेळाडूंना पहिल्या वळणावर जुन्या काजळीचा वास येऊ दे, तिसऱ्या वळणावर छत हाताला काळं लागू दे. धूर कुठून येणार हे त्यांनीच ताडलं तर उत्तम, नाही ताडलं तर काजळी होतीच.

लिहून झाल्यावर वर्णन चालतंय की नाही हे कसं तपासायचं? (लंडन)

स्वतः चालवून कळत नाही, कारण पानावर नसलेलं तुमच्या डोक्यात असतं. साहस दुसऱ्या गेम मास्टरच्या हातात द्या, काहीही समजावू नका, आणि शेजारी गप्प बसा. ही शेवटची अट सर्वांत कठीण. तो जिथे पान उलटून मागे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. खेळाडू जिथे ‘परत सांग’ म्हणतात तिथेही करा. एकाच खोलीवर दोन्ही खुणा पडल्या असतील तर ती आधी दुरुस्तीला घ्या, आणि बहुतेक वेळा दुरुस्ती म्हणजे दोन वाक्यं कापणं आणि एका दाराच्या पुढे खोलीचा क्रमांक लिहिणं, एवढंच निघतं.