सकाळी पहिल्या सेल्फला न लागणारी डिझेल पिकअप: पंप उतरवण्याआधी लाइनमधली हवा शोधा

दादा, तुमची निफाडची २०१८ची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखाली डिझेल देणारी) पिकअप सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर लागते, नंतर दिवसभर चावी फिरवली की चालू होते, आणि गॅरेजवाला हाय प्रेशर पंप व चारही इंजेक्टर उतरवायचं म्हणतोय. पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका. झिजलेला पंप किंवा बॅक लीक करणारा (डिझेल रिटर्न पाइपात परत सोडणारा) इंजेक्टर बहुधा इंजिन गरम असताना त्रास देतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं आणि सेल्फच्या वेगावर रेलमध्ये प्रेशर उभं राहत नाही. तुमचं बरोबर उलट आहे. गाडी रात्रभर उभी राहिली तरच अडते. म्हणजे रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरत असावं आणि त्याची जागा हवा घेत असावी.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. उद्या सकाळी चावी लावण्याआधी फिल्टरजवळचा हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबून बघा. पहिल्याच दाबाला कडक लागला तर लाइन भरलेली आहे. पोकळ लागला आणि बऱ्याच दाबांनंतर कडक झाला तर डिझेल उतरलं होतं. कडक झाल्यावर सेल्फ मारा. गाडी लगेच लागली तर निदान जवळजवळ झालंच.

बरेच जण इथे एक प्रश्न विचारतात: हवा आत जाते तर डिझेल बाहेर ठिपकत का नाही? अनेक गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपाला जोडलेला फीड पंपच टाकीतून डिझेल ओढतो, म्हणून टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते. नारळपाण्याच्या नळीला वर बारीक भोक पडलं तर पाणी बाहेर येत नाही, तोंडात हवा येते, तसंच हे. त्यामुळे ‘कुठे ओलं नाही, म्हणजे लाइन ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. टाकी फुल्ल असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त होतो का, हेही बघून ठेवा. तसं असेल तर संशय ओढीच्या लाइनवर आणखी पक्का होतो.

आता हवा शिरते कुठून? फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप टाका आणि सेल्फ मारताना बघा. लाइन नुकतीच उघडलेली असते, म्हणून सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. सतत माळ येत असेल तर फिल्टरला टाकीकडून येणारा पाइप काढून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट पुरवठा द्या, कॅन टाकीच्या पातळीलाच आणि नीट बांधलेला ठेवा. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात. थांबले नाहीत तर फिल्टरपासून पुढे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा दोष फिल्टर हेडवर (फिल्टर ज्याला बसतो तो भाग) निघतो: फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग तशीच राहते, खालच्या पाणी काढायच्या स्क्रूची किंवा वॉटर सेन्सरची रिंग चेपते, नाहीतर प्रायमरचा व्हॉल्व्ह धरत नाही. त्यानंतर क्लॅम्पखाली कडक होऊन चिरलेला रबरी पाइप. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपच्या क्लिपा आणि रिंगाही सोडू नका, तिथूनही हवा शिरते आणि डिझेल उतरतं. फिल्टर उघडलाच आहात तर तळाचं पाणी काढा. शेतावर ड्रममधून डिझेल भरत असाल तर ते दर वेळी करा.

प्रायमर पहिल्यापासून कडक आहे आणि तरी गाडी लागत नाही, असं असेल तर धुराकडे बघा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग (थंड इंजिन लागण्यासाठी सिलिंडर तापवणारे), त्यांचा रिले आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासा. निफाडच्या थंडीत हीटर प्लगवर संशय घेणं वाजवीच आहे, पण मे महिन्यातही हाच त्रास होता का, हे आठवून सांगा. धूर अजिबात नसेल तर इंजेक्टर उघडतच नाहीत. इथे आधी बॅटरी बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६च्या खाली जात असेल तर इंजिन हळू फिरतं आणि प्रेशर बनत नाही.

मग स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेल प्रेशर वाचा. ठरावीक प्रेशर आल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. बऱ्याच इंजिनांत ही मर्यादा २०० बारच्या आसपास असते, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. लाइनमध्ये हवा नसतानाही प्रेशर कमी राहिलं तरच चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला बाटल्या लावा. एकच बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो एक इंजेक्टर काढा, चारही नव्हे. बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तर रेलचा लिमिटर व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) आणि पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणारा) तपासा. एवढं करूनही काही सापडलं नाही तरच पंप.

तोपर्यंत तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. जुन्या इंजिनांत एअर काढायला इंजेक्टरचे नट सैल करायचे, ते कॉमन रेलवर करू नका. चालू इंजिनात तिथे हजार बारहून जास्त प्रेशर असू शकतं आणि ती धार कातडी फोडून आत जाते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं लागतं. दुसरं, स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी भडकतो. तिसरं, कोरडा सेल्फ सलग मारत राहू नका. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, ते नसताना आतला धातू घासतो आणि त्याचा चुरा रेलमधून इंजेक्टरांत जातो. मग खरोखरच सगळं बदलावं लागेल.

उद्या सकाळी प्रायमर कसा लागला, धुराचा रंग काय होता आणि टाकीत किती डिझेल होतं, एवढं कळवा. पुढचं त्यावर ठरवू.