गॅरेजचा कट्टा : पुढचा टायर लहान केला, मग ईटी का वाढला?

प्रश्न : माझी गाडी रिअर व्हील ड्राइव्ह आहे. ब्रॅकेट रेसिंग करतो (दोन गाड्यांची सरळ ड्रॅग शर्यत, संथ गाडी आधी सुटते), फुल ट्री असतो (पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा), डिले बॉक्स (गाडी सुटणं ठरावीक वेळाने लांबवणारं यंत्र) नाही. पुढे २६ इंची टायर होते. मित्राच्या सांगण्यावरून २२ इंची अरुंद टायर बसवले. रिअ‍ॅक्शन टाइम (हिरव्या दिव्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) ०.०७ च्या आसपास असायचा, तो ०.०६ वर आला. पण ईटी (सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ) जवळजवळ तेवढाच वाढला. चाकं हलकी झाली, तर गाडी मंदावली कशी?

उत्तर : गाडी मंदावलेली नाही. घड्याळ लवकर सुरू झालंय, एवढंच.

स्टार्टला लेनवर आडवे दोन बीम, म्हणजे प्रकाशाचे किरण, असतात. आधी प्री-स्टेज आणि ७ इंच पुढे स्टेज. पुढच्या टायरने दुसरा बीम अडवला की स्टेजचा दिवा लागतो. तुम्ही गाडी सोडता तेव्हा टायर त्या बीममध्येच उभा असतो. तो पुढे सरकत जातो, त्याची मागची कड बाहेर पडते आणि बीम पुन्हा जुळतो. त्या क्षणी दोन गोष्टी एकदम होतात : रिअ‍ॅक्शन टाइमची नोंद संपते आणि ईटीचं घड्याळ सुरू होतं. बीम अडवल्यापासून सुटेपर्यंत गाडी जेवढी सरकते, तो रोलआउट.

बीम जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो, त्यामुळे टायरचा पूर्ण व्यास कामाला येत नाही. त्या उंचीवर टायर जेवढा लांब, तेवढाच मोजायचा. बीम दीड इंचावर धरला, तर २६ इंची टायर तिथे साधारण १२.१ इंच भरतो आणि २२ इंची ११.१. म्हणजे व्यास चार इंचांनी घटला, रोलआउट मात्र एकाच इंचाने. दुकानदार व्यास सांगतो आणि आपण त्यावर भुलतो.

आता वेळ. गाडी सुटताना सरासरी १ जी (गुरुत्वाकर्षणाइतकं) त्वरण घेते असं समजा. १२.१ इंच सरकायला पाव सेकंद लागतो, ११.१ इंचाला ०.२४. फरक सेकंदाचा शंभरावा भाग, तुमच्या स्लिपवर आलाय तोच. गाडी निम्म्या जोरात सुटत असेल तर हाच फरक दीडशतांश होतो, म्हणून संथ सुटणाऱ्या गाडीला टायरचा बदल जास्त जाणवतो.

ईटीचंही तसंच. मोठ्या टायरने बीम सोडला तेव्हा गाडी ताशी आठ-नऊ किलोमीटरने निघालेली होती. ती फुकटची धाव ईटीत धरली जात नव्हती. आता त्या धावेतला एक इंच ईटीत मोजला जातोय. रिअ‍ॅक्शन आणि ईटी यांची बेरीज करून पाहा, होती तिथेच आहे. हिरव्या दिव्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत पोचायला तुम्हाला पूर्वीइतकाच वेळ लागतोय.

मग मित्राचा सल्ला वाया गेला का? ते डायल-इनवर, म्हणजे शर्यतीआधी तुम्ही सांगता त्या अपेक्षित ईटीवर, अवलंबून आहे. दोन गाड्यांच्या डायल-इनमधल्या फरकाइतकी संथ गाडी आधी सुटते. टायर बदलून डायल-इन जुनंच ठेवलंत, तर सुरुवातीला कमावलेला शतांश शेवटी परत देऊन आलात. डायल-इन शतांशाने वाढवा, मग तो तुमचा. हेड्स-अप शर्यतीत, जिथे जो आधी पोचेल तो जिंकतो, तिथे या बदलातून काही मिळत नाही. मिळालीच तर लाल दिव्याची (हिरव्याआधी सुटून बाद होण्याची) भीती मिळते, कारण बीम आता लवकर सुटतो.

म्हणून मी टायरकडे वेग वाढवायची गोष्ट म्हणून बघतच नाही. शेवटच्या पिवळ्या दिव्याला तुमचा पाय सुटायचा तेव्हाच सुटतो, त्याला फार वळण लावता येत नाही. पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत अर्धा सेकंद. त्यातला साधारण ०.२ तुमच्या डोळ्याचा आणि पायाचा, बाकीचा गाडीचा. ही बेरीज अर्ध्या सेकंदाच्या अलीकडे आली की लाल, पलीकडे गेली की उशीर. सतत लाल लागत असेल तर मोठा टायर किंवा कमी हवा, सतत उशीर होत असेल तर लहान टायर किंवा जास्त हवा. हवेचं कारण असं की टायर बसला की धुरा खाली येतो आणि बीमच्या उंचीवर टायर लांब भरतो. २६ इंची टायर अष्टमांश इंच जास्त बसला तरी रोलआउट जवळपास अर्धा इंच वाढतो. हवा फुकट आहे, नवे टायर घेण्याआधी ती करून बघा.

प्रश्न : माझा पाय बऱ्यापैकी सारखा सुटतो असं व्हिडिओत दिसतं, तरी रिअ‍ॅक्शन कधी ०.०२, कधी ०.०४. टायर बदलू का?

उत्तर : आधी गाडी लेनमध्ये सरळ उभी राहते का ते पाहा.

बीम पूर्ण लेन ओलांडतो, त्यामुळे तो दोनपैकी कुठल्याही चाकाने अडतो. गाडी तिरकी असेल तर एक चाक आधी आत जातं आणि दुसरं उशिरा बाहेर पडतं. मधला सगळा वेळ बीम बंदच. दोन्ही पुढच्या चाकांमध्ये ६० इंच अंतर धरलं, तर एका अंशाच्या तिरकेपणाने रोलआउट एक इंचाहून थोडा जास्त वाढतो. वरच्या वाचकाने टायर बदलून जे मिळवलं, तेवढं सगळं एका अंशात गेलं! आणि एक अंश ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. मागे एक माणूस उभा करा आणि त्याच्या हाताच्या खुणेवर गाडी लावा.

डाव्या-उजव्या बाजूचा व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) टेपने मोजा. एक चाक दुसऱ्याच्या अर्धा इंच पुढे असेल, तर तो अर्धा इंच रोलआउटमध्ये कायमचा जमा आहे. काही जण हे मुद्दाम करतात. कायमचा असेल तर त्रास नाही, डायल-इनमध्ये सामावतो. त्रास देतं ते रोज बदलणारं. स्टेज होताना स्टिअरिंग किंचित वळलेलं राहिलं तर टायरची रुंदीही हिशेबात येते. ८ इंच रुंद टायर पाच अंश वळलेला असेल तर पाऊण इंचाच्या आसपास. अरुंद टायरची मला आवडणारी बाजू हीच, चूक झाली तरी लहान होते.

रोलआउट घरी मोजायचा असेल तर दीड इंच जाडीच्या दोन सरळ लाकडी पट्ट्या घ्या. चाक सरळ, हवा शर्यतीची, गाडीत ड्रायव्हर बसलेला. एक पट्टी टायरला पुढून टेकवा, एक मागून. वरची कड रबराला लागली की थांबा, दाबू नका. पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तुमचा रोलआउट. दोन्ही बाजूंना करा, आकडे वेगळे आले तर हवेपासून सुरुवात करा. ट्रॅकवर बीमची उंची थोडी वेगळी असेल, पण तुलनेला हे पुरतं.

प्रश्न : मोठा टायर लावून रोलआउट वाढवत नेला तर?

उत्तर : स्टेजच्या पुढे १३ ३/८ इंचांवर गार्ड बीम असतो. स्टेजचा बीम सुटायच्या आत तो अडला की घड्याळ सुरू. खाली लोंबणारा पत्रा लावून बीम अडवून ठेवणाऱ्यांना रोखायची ती सोय आहे, पण टायरलाही तीच मर्यादा. ३० इंची टायर दीड इंचावर १३.१ भरतो, म्हणजे तुम्ही कुंपणाला टेकलातच.

प्रश्न : डीप स्टेज केलं तर टायरचा फरक पडतो का?

उत्तर : फारसा नाही. प्री-स्टेजचा दिवा विझेपर्यंत पुढे गेलात की टायरची मागची कड प्री-स्टेज ओलांडून गेलेली असते. तिथून स्टेजपर्यंत जास्तीत जास्त ७ इंच उरतात, टायर २२ चा असो की २६ चा. पूर्ण रोलआउटच्या मानाने रिअ‍ॅक्शन १ जी ला ०.०६ ने सुधारतो आणि ईटी तेवढाच वाढतो. काही क्लासमध्ये डीप स्टेजला मनाई असते, नियम आधी वाचा.

प्रश्न : हलक्या रिमने रिअ‍ॅक्शन सुधारतो का?

उत्तर : पहिल्या फुटात कळण्याइतका नाही. ईटीत थोडा फायदा आहे, त्यासाठी घ्या.